पबमधले गाणे कोणाच्या परवानगीने?

१/ इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २००५ ते सप्टेंबर २०१२ या काळात कायद्याची एक अजब तऱ्हा होती. पबमध्ये भिंतभर पडदा लावून फुटबॉलचा थेट सामना दाखवायला करमणुकीचा परवाना लागत नसे, प्रेक्षक कितीही आरडाओरडा करोत. त्याच पबमध्ये एका गायकाचा गिटारसह कार्यक्रम ठेवायचा, तर मात्र स्थानिक कौन्सिलची परवानगी हवी. विनापरवाना कार्यक्रमाची कमाल शिक्षा होती सहा महिने कैद, २०,००० पौंड दंड किंवा दोन्ही.

२/ ही विसंगती मसुदा लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणातून आलेली नाही. तिच्यामागे अडीचशे वर्षांची परंपरा आहे. परवाना देणाऱ्यांनी आवाज, आग, गर्दी ही कारणे पुढे केली आणि ती खोटीही नव्हती. पण गाणे ऐकायला कोण येते, हा प्रश्न त्या कारणांच्या आडून सतत डोकावत राहिला. या धाग्यात त्याच प्रश्नाचा माग.

३/ आरंभ १७५१ चा. लंडनमध्ये चोऱ्या-दरोड्यांची धास्ती पसरली होती. कादंबरीकार आणि बो स्ट्रीटचे दंडाधिकारी हेन्री फील्डिंग यांनी त्याच वर्षी गुन्हेगारीच्या कारणांवर पुस्तिका लिहून गरिबांच्या चैनीकडे बोट दाखवले. पाठोपाठ आलेल्या कायद्याने लंडन, वेस्टमिन्स्टर आणि भोवतालच्या २० मैलांत संगीत व नृत्याच्या जागांना परवाना सक्तीचा केला. दंड १०० पौंड.

४/ या कायद्याची प्रस्तावना निदान प्रामाणिक होती. खालच्या वर्गातील लोकांसाठी करमणुकीच्या जागा वाढल्या, तेथे ते आपली तुटपुंजी मिळकत उधळतात आणि मग चोरीकडे वळतात, असा तिचा आशय. ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डनसारखी राजमान्य नाट्यगृहे मात्र कायद्यातून वगळली होती. संगीत दोन्हीकडे होते. फरक ऐकणाऱ्यांच्या खिशात होता.

५/ १८४३ च्या नाट्यगृह कायद्याने पबवाल्यांपुढे निवड ठेवली: नाटक करायचे, की प्रेक्षकांना बसल्या जागी मद्य द्यायचे? अनेकांनी मद्य आणि गाणी निवडली. त्यातून म्युझिक हॉल हा कलाप्रकार बहरला. चार्ल्स मॉर्टन यांनी लॅम्बेथमधील आपल्या पबला जोडून १८५२ मध्ये उघडलेला कँटरबरी हॉल हे त्याचे ठळक उदाहरण. कायद्याने दार बंद केले की लोककला खिडकी शोधते, ती अशी.

६/ १८८९ मध्ये लंडन काउंटी कौन्सिल स्थापन झाले आणि लंडनमध्ये संगीत-नृत्याचे परवाने दंडाधिकाऱ्यांकडून निर्वाचित प्रतिनिधींकडे आले. हे पाऊल पुढचेच होते. दोन वर्षांपूर्वी, १८८७ मध्ये, एक्सेटरच्या थिएटर रॉयलला लागलेल्या आगीत १८६ माणसे मेली होती. बाहेर पडायचे मार्ग आणि जिने तपासणारी यंत्रणा हवी, याबद्दल कोणाही विचारी माणसाचे दुमत नसावे.

७/ पण तीच कौन्सिल १८९४ मध्ये लेस्टर स्क्वेअरच्या एम्पायर थिएटरकडे वळली, ती जिने मोजायला नव्हे. तेथील प्रशस्त सज्ज्यात वेश्याव्यवसाय चालतो, अशी समाजसुधारक लॉरा ऑर्मिस्टन चँट यांची तक्रार होती. कौन्सिलच्या अटींमुळे सज्जा आणि मद्याचे बार यांच्यामध्ये आडोसे उभे राहिले. ३ नोव्हेंबरच्या रात्री प्रेक्षकांनी ते मोडून टाकले. त्या गर्दीपुढे भाषण करणाऱ्यांत सँडहर्स्टचा एक तरुण कॅडेट होता: विन्स्टन चर्चिल.

८/ विसाव्या शतकात नैतिकतेची भाषा मवाळ झाली, पण नियम अधिक विचित्र झाले. १९६१ च्या कायद्याने पबला सूट दिली: रेडिओ, दूरचित्रवाणी, ध्वनिमुद्रित संगीत आणि जास्तीत जास्त दोन प्रत्यक्ष कलाकार असतील, तर वेगळा परवाना नको. हाच तो ‘बारमध्ये दोघे’ नियम. तिसरा वादक आला की परवाना आला. दोघांनी ध्वनिवर्धकावर कितीही गोंगाट केला तरी चाले; तिघांनी हलक्या हाताने व्हायोलिन वाजवले तर तो गुन्हा.

९/ २००३ च्या कायद्याने मद्य आणि करमणूक यांचे परवाने एकत्र करून कौन्सिलकडे सोपवले. चार उद्दिष्टेही लिहून दिली: गुन्हे व बेशिस्तीला प्रतिबंध, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रवाला आळा, मुलांचे संरक्षण. उद्दिष्टे योग्यच. परंतु ‘बारमध्ये दोघे’ची सूट गेली, थेट प्रक्षेपणाची राहिली आणि पहिल्या परिच्छेदातील चित्र उभे राहिले. ध्वनिवर्धकाशिवायच्या वाद्यांवर नाचला जाणारा मॉरिस हा पारंपरिक लोकनृत्यप्रकार तेवढा सुटला.

१०/ याच काळात लंडनच्या पोलिसांचा ‘फॉर्म ६९६’ आला. संगीताच्या कार्यक्रमांचा धोका जोखण्यासाठीच्या या अर्जात सुरुवातीला संगीताचा प्रकार आणि श्रोत्यांचा वंशगट विचारला जाई. कृष्णवर्णीय तरुणांच्या संगीतावर त्याची वक्रदृष्टी आहे, असा आक्षेप सतत होत राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो रद्द झाला. १७५१ च्या प्रस्तावनेतला ‘खालचा वर्ग’ येथे नव्या रकान्यात बसला होता.

११/ दुरुस्ती २०१२ च्या ‘लाइव्ह म्युझिक अ‍ॅक्ट’ने केली. मद्यपरवाना असलेल्या जागेत सकाळी ८ ते रात्री ११ या वेळेत २०० श्रोत्यांपर्यंत ध्वनिवर्धकासह गायन-वादनाला वेगळी परवानगी नको. २०१५ मध्ये मर्यादा ५०० झाली. शेजाऱ्यांची झोप वाऱ्यावर सोडलेली नाही: तक्रार आल्यास कौन्सिल परवान्याचा फेरविचार करून ही सवलत काढून घेऊ शकते. आधी मोकळीक, उपद्रव झाल्यास कारवाई.

१२/ मराठी वाचकाला यात ओळखीची खूण दिसेल. मुंबईत असे परवाने पोलीस कायद्याखाली येत आणि निर्णय पोलीस आयुक्तांचा असे, निवडून आलेल्या महापालिकेचा नव्हे. २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आली. तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना सूट मिळाली. ही वर्गवारी उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फेटाळली. ड्रुरी लेनची सूट अडीच शतकांनी तारे लावून परतली होती.

१३/ पुढे २०१६ च्या कायद्याबरोबर आलेल्या अटींत बार आणि नृत्याची जागा यांच्यामध्ये भिंत हवी, अशीही अट होती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. लेस्टर स्क्वेअरचा आडोसा गर्दीने मोडला होता. मुंबईची भिंत घटनेने पाडली. बारबालांच्या उपजीविकेची मधली वर्षे मात्र कोणत्याही निकालाने परत मिळत नाहीत.

१४/ म्हणून परवान्याची कसोटी साधी असावी. आवाज किती, माणसे किती, बाहेर पडायचे मार्ग किती, कलाकारांचे शोषण होते का, हे शासनाने जरूर विचारावे आणि तेही मतदारांना उत्तरदायी असलेल्या संस्थेने, लेखी कारणे देऊन. व्यासपीठावर दोघे आहेत की तिघे, गाणे कोणत्या प्रकारचे, ऐकणारा कोणत्या वस्तीतला, हे विचारायचा अधिकार तिला नसावा. अर्जात असा रकाना दिसला, की तो कायदा सुरक्षेचा राहिलेला नाही असे खुशाल समजावे.