हरीण काँक्रीटचं नसतं!

शीर्षक वाचून सिव्हिलवाले मित्र खूश झाले असतील, पण विषय त्यांचा नाही. विषय आहे बाणांचा. शिकारीच्या बाणाला जे पात्यांचं टोक लावतात, ज्याला ब्रॉडहेड म्हणतात, त्याची मजबुती आणि अचूकता 'टेस्ट' करायच्या पद्धतींचा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण अगदी नाव घेऊन बसवलेला आहे. तेव्हा "मग आपल्याला काय करायचंय?" हा प्रश्न रास्तच आहे.

करायचंय ते एवढंच, की या टेस्टचे व्हिडिओ हॉस्टेलवर रात्री मेस आटोपल्यावर क्रिकेटच्या खालोखाल बघितले जातात, आणि बघणाऱ्यांत थर्ड इयर-फायनल इयरचे मेकॅनिकलवाले जास्त. अमेरिकेतला कुणी एक गडी बाण सोडतो. तो प्लायवूडमधून जातो, मग पत्र्यातून जातो, शेवटी काँक्रीटच्या ठोकळ्यावर आपटतो. नंतर ते टोक कॅमेऱ्याजवळ आणून मार्क दिले जातात. दहापैकी नऊ! आणि आपली मंडळी "काय मटेरियल आहे राव!" म्हणून माना डोलावतात. मला लिहायचंय ते या डोलणाऱ्या मानांविषयी.

आधी थोडी ओळख. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी ज्या प्रकारच्या धनुष्याने सुवर्णपदकं मिळवली ते कंपाउंड धनुष्य, म्हणजे दोन टोकांना कॅम आणि मधे केबल असलेलं. होलेस विल्बर ॲलन या अमेरिकन गृहस्थांना १९६९ साली त्याचं पेटंट मिळालं. अमेरिकेत शिकारीलाही मुख्यतः हेच वापरतात. फरक बाणाच्या टोकात आहे. स्पर्धेच्या बाणाला साधं निमुळतं टोक असतं. ब्रॉडहेडला दोन, तीन किंवा चार धारदार पाती असतात. वजन बहुतेक वेळा १०० किंवा १२५ ग्रेन, आपल्या मापात साडेसहा ते आठ ग्रॅम. काही ब्रॉडहेडची पाती कायम उघडी असतात, त्यांना 'फिक्स्ड' म्हणतात. काहींची पाती उडताना मिटलेली असतात आणि लागल्यावर उघडतात, ती 'मेकॅनिकल'.

आता जरा हिशेब. ४०० ग्रेनचा, म्हणजे २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला ८५ मीटर वेगाने गेला, तर त्याची गतिज ऊर्जा ९४ ज्यूलच्या आसपास येते. हरणाच्या शिकारीच्या नेहमीच्या रायफलची गोळी साडेतीन हजार ज्यूलच्या घरात जाते. म्हणजे बाणाकडे गोळीसारखा तडाखा नसतोच. बाण मारतो तो कापून. दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला की रक्तस्राव होतो, फुप्फुसं मिटतात आणि जनावर थोड्या वेळात पडतं. नाही गेला, तर ते जनावर जखम घेऊन रानात पळतं. मग ते कुठे पडलं, किती वेळाने पडलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. शिकार मला स्वतःला पटत नाही. पण ज्या देशात ती कायद्याने चालते तिथे ब्रॉडहेड निकामी होणं म्हणजे काय, हे यावरून कळावं. गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात ही त्यातली लहान गोष्ट.

म्हणून माझा पहिला आक्षेप मजबुतीच्या टेस्टवर आहे. पातं नेमकं केव्हा तुटलं, हे कुणीच विचारत नाही! बरगडीवर आदळतानाच पातं वाकलं, तर उरलेली ऊर्जा त्याच्या वाकण्यात आणि हाडाशी झगडण्यात जाते आणि बाण अर्ध्यावर अडकतो. हे अपयश हरणाच्या वाट्याला येतं. पण बाण आरपार जाऊन पलीकडच्या दगडावर आपटला आणि मग पातं तुटलं, तर त्या हरणाला काय फरक पडतो? ते नुकसान शिकाऱ्याच्या खिशाचं. काँक्रीटच्या ठोकळ्यावर जी मजबुती मोजतात ती ही दुसरी, खिशाची मजबुती. तिलाही किंमत आहे, नाही असं नाही. पण दोन्हींना एकाच मार्कात कोंबायचं आणि त्याला 'ड्युरॅबिलिटी' म्हणायचं, हे इंजिनिअरिंग नव्हे.

एसओएम शिकलेल्या माणसाला इथली देवाणघेवाण लगेच दिसते. बदलता येणारी पाती साधारण पाऊण मिलिमीटर जाडीची असतात. एकसंध ब्रॉडहेडची पाती दीड मिलिमीटर किंवा जास्त. जाडी दुप्पट केली की वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे आठपट. मग सगळीच पाती जाड का करत नाहीत? कारण टोकाचं वजन ठरलेलं आहे. जाडी वाढवली की रुंदी किंवा पात्यांची संख्या कमी करावी लागते, आणि जखमेचा आकार त्यावरच तर ठरतो. पोलादाचंही तेच. कडक केलं की धार टिकते पण ठिसूळपणा येतो. चिवट ठेवलं की तुटत नाही पण धार लवकर जाते. रॉकवेलचा आकडा मोठा दिसला की भारी, असं समजणाऱ्यांनी इझॉड-चार्पीचं प्रॅक्टिकल आठवून बघावं. ते प्रॅक्टिकल उगाच ठेवलेलं नाही.

आणि धार? काँक्रीटवरून आलेल्या टोकाची धार कुणी मोजतच नाही, कारण तिथे धार उरलेलीच नसते. शिकाऱ्यांची जुनी पद्धत साधी आहे. ताणलेल्या रबरबँडवर पातं टेकवून सरकवायचं. धारदार असेल तर रबर चटकन तुटतं, बोथट असेल तर नुसतं बाजूला ढकललं जातं. शरीरातल्या रक्तवाहिन्यांचंही तसंच होतं. तेव्हा खरी टेस्ट अशी हवी: एक बरगडी तोडून गेल्यावर पात्याने रबर कापलं का? ही टेस्ट दिसायला अगदी मिळमिळीत आहे, ठिणग्या उडत नाहीत, म्हणून मागे पडते असा माझा संशय आहे.

जिलेटिनचीही गंमत आहे. गोळ्यांच्या चाचणीसाठी १० टक्क्यांचं बॅलिस्टिक जिलेटिन वापरतात, त्याचं कॅलिब्रेशनही ठरलेलं असतं. पण ते गोळीसाठी! बाणाची लांब काडी जिलेटिनमध्ये शिरली की ते काडीला चारी बाजूंनी धरून ठेवतं. जिवंत शरीरात रक्ताचं वंगण असतं, वर कातडी आणि केस असतात, खाली हाड असतं. जिलेटिनमध्ये एक ब्रॉडहेड दुसऱ्यापेक्षा चार सेंटिमीटर जास्त गेलं, तर त्याचा अर्थ जिलेटिनपुरता घ्यावा.

आता अचूकतेकडे येऊ. इथे तर मला हसूच येतं. पुढे उघडी पाती लावणं म्हणजे बाणाच्या तोंडाशीच छोटे पंख बसवणं. मागची पिसं बाण सरळ ठेवायला बघतात, पुढचे पंख त्याला वळवायला बघतात. धनुष्य नीट जुळवलेलं नसेल आणि बाण किंचित तिरका निघाला, तर साध्या टोकाला ती चूक पचते, ब्रॉडहेडला पचत नाही. म्हणजे "हे ब्रॉडहेड उजवीकडे जातं" असं जेव्हा सांगतात, तेव्हा पुष्कळदा दोष धनुष्याच्या जुळवणीचा असतो, नाही तर काडीच्या लवचीकतेचा. ही लवचीकता मोजायची पद्धत तुम्हाला पाठ आहे! २८ इंचांवर दोन आधार, मध्यभागी १.९४ पौंड, म्हणजे ८८० ग्रॅम भार, आणि मधला झोल मोजायचा. सिम्पली सपोर्टेड बीम, पॉइंट लोड. अर्धा इंच झोल आला की ती काडी '५००' ची. ही काडी बदलली की तेच ब्रॉडहेड वेगळं वागतं. मग अचूकता एकट्या ब्रॉडहेडच्या नावावर कशी मांडायची?

त्यात पुन्हा तीन बाणांचा ग्रुप. तीन बाण मारायचे, सगळ्यांत लांबच्या दोघांमधलं अंतर मोजायचं आणि निकाल जाहीर! एम-थ्रीमधलं नॉर्मल डिस्ट्रिब्युशन आठवा. बाणांचं विखुरणं दोन्ही दिशांना सारखं धरलं, तर तीन बाणांच्या ग्रुपची सरासरी सिग्माच्या २.४ पट येते, पण तिचं प्रमाण विचलन सरासरीच्या ३७ टक्के असतं. साध्या भाषेत, ज्या टोकाचा ग्रुप सरासरी ८ सेंटिमीटर येतो, तेच टोक, तेच धनुष्य, तोच माणूस असताना एकदा ५ आणि एकदा ११ येणं ही रोजची गोष्ट आहे. दहा बाण मारले तर हे विचलन १९-२० टक्क्यांवर येतं. म्हणजे दोन कंपन्यांच्या टोकांमधला जो 'फरक' आपल्याला दाखवला जातो, तो पुष्कळदा एकाच टोकाच्या दोन दिवसांतला फरक असतो. शिवाय दुकानातून एकच नग आणायचा, त्यावरून अख्ख्या मालावर शिक्का मारायचा. कुठल्याही कारखान्याच्या क्वालिटी खात्यात हे कुणी ऐकून तरी घेईल का?

मग चांगली टेस्ट कुणी केलीच नाही का? केली आहे. एड ॲशबी यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात नुकत्याच मारलेल्या जनावरांवर बाण सोडून, कुठलं हाड लागलं आणि बाण किती आत गेला याच्या नोंदी ठेवल्या. पुढे ऑस्ट्रेलियातल्या रानम्हशींवरही हे काम वर्षानुवर्षं चाललं. त्यांच्या यादीत पहिली गोष्ट म्हणजे बाण आणि टोक तुटता कामा नये. बाकी सगळं नंतर. जड हाड भेदायचं तर बाण ६५० ग्रेनच्या, म्हणजे ४२ ग्रॅमच्या वर हवा, असंही त्यांनी मांडलं. हे वाचून आपण म्हणणार, संपलं! जाड, जड, एकसंध टोकच घ्यावं.

पण थांबा. अमेरिकेत मेरीलँडमधल्या इंडियन हेड नौदल तळावर १९८९ पासून हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला प्रशिक्षित शिकाऱ्यांना धनुष्याने शिकार करू दिली गेली, आणि लागलेल्या प्रत्येक बाणाची नोंद ठेवली गेली. अशी हजाराहून जास्त हरणं. फिक्स्ड पात्यांनी लागलेल्या शंभरातली साधारण ८२ हाती लागली. आणि मेकॅनिकल पात्यांनी? साधारण ९१! काँक्रीटवर ज्यांचा चक्काचूर होतो, तीच पाती रानात सरस ठरली. याचं कारण मला असं दिसतं की तिथे हरणं हातून सुटली ती मुख्यतः पातं तुटल्यामुळे नव्हे, तर बाण चार बोटं इकडेतिकडे लागल्यामुळे. मिटलेली पाती सरळ उडतात, आणि उघडल्यावर रुंद कापतात. अर्थात मेकॅनिकल पाती नंतरच्या वर्षांत आली, तोवर शिकारीही मुरले असतील, ही शंका ठेवायलाच हवी.

ॲशबी चूक आणि मेरीलँड बरोबर, असा याचा अर्थ नाही. रानम्हशीची बरगडी आणि व्हाईटटेल हरणाची बरगडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रश्न वेगळा, म्हणून उत्तर वेगळं. काँक्रीटचा ठोकळा यांतला कुठलाच प्रश्न विचारत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या नियमांत ब्रॉडहेडची किमान रुंदी लिहिलेली असते, बहुधा ७/८ इंच. रुंदी कॅलिपरने दोन सेकंदांत मोजता येते, म्हणून ती नियमात आली असावी असं आपलं माझं मत. जे मोजायला सोपं, त्याचाच नियम होतो आणि त्याचाच व्हिडिओही.

माझं म्हणणं एवढंच, की निर्मात्यांनी प्रत्येक बॅचमधले तीस नग घ्यावेत, ताज्या हाडावर सरळ आणि ४५ अंशांत मारावेत, किती पाती हाडातून बाहेर पडायच्या आधी निकामी झाली तो आकडा पाकिटावर छापावा. अचूकतेसाठी माणूस बाजूला ठेवून शूटिंग मशीन वापरावं आणि निदान दहा-दहा बाणांचे ग्रुप द्यावेत. खर्च येईल, पण एका पाकिटाला तिथे जी किंमत लावतात ती बघता झेपण्यासारखा आहे.

आणि ज्यांना व्हिडिओ बघून हात शिवशिवतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच करता येण्यासारखी आहे. जिमखान्यात आर्चरीची जी पाच-सहा मुलं सराव करतात, त्यांच्या बाणांना साधी टोकं आहेत. ते बाण मागून आणायचे, मेट्रॉलॉजी लॅबमध्ये व्ही-ब्लॉकवर फिरवायचे आणि टोकाशी डायल गेज लावून रनआउट बघायचा. कुठला बाण किती डगमगतो हे आधी कागदावर लिहून ठेवायचं, मग मैदानावर कुठला बाण कुठे लागतो ते बघायचं. फक्त एका बाणाचे तीन नको, दहा शॉट घ्या.