लिंबू सरबतात, फरशीवर नको!

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं आपण मैत्रिणी फार पटकन मानतो. फिनाइलच्या उग्र वासाला कंटाळून लिंबू, व्हिनेगर वापरावंसं वाटणं साहजिक आहे. रांगणारं बाळ फरशीवरचा हात थेट तोंडात घालतं ना! पण आपली फरशी कोणती, हे आधी बघायला नको का?

शहाबादी, कडप्पा, कोटा आणि हौसेने बसवलेला संगमरवर, हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड. आंबट त्यांना खातं. लिंबू लागलं की पांढुरका डाग पडतो. कितीही पुसा, जात नाही. कारण वरचा दगडच झिजलेला असतो.

व्हिनेगरमध्ये सोडा घालून फेस काढणं ही नुसती गंमत. दोघांचा जोर एकमेकांतच संपतो. ब्लीचिंग पावडरीत तर आंबट काही कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

मग वापरायचं काय? रिठे! चार-पाच रिठे रात्री भिजवा, सकाळी कुस्करून गाळा, ते पाणी बादलीत घाला. दगडाला धक्का नाही. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका, झोंबतं. घरात जुलाब-उलट्यांचं आजारपण असेल, तर रिठ्यावर विसंबू नका. तेव्हा जंतुनाशकच हवं.

फरशी पुसायला वाकतो आपणच. मग बादलीत काय घालायचं, तेही ऐकीव गोष्टींवर न सोडता आपणच डोळसपणे ठरवूया.