व्यावसायिक संबंधांतील लैंगिक छळ (कॅलिफोर्निया)

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मालक व नोकर हे नाते नसतानाही, केवळ व्यवसाय, सेवा किंवा पेशा यांतून जुळलेल्या संबंधात झालेल्या लैंगिक छळाबद्दल दिवाणी दावा दाखल करता येतो. ही तरतूद राज्याच्या नागरी संहितेतील कलम ५१.९ मध्ये असून ती १९९४ साली करण्यात आली.

पार्श्वभूमी

अमेरिकेत लैंगिक छळाला भेदभाव म्हणून मान्यता मिळाली ती प्रामुख्याने नोकरीच्या संदर्भात. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण नोकरीतील लिंगाधारित भेदभावास मनाई करते. छळामुळे कामाचे वातावरण असह्य होणे हाही असा भेदभावच होय, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली मेरिटर सेव्हिंग्ज बँक खटल्यात दिला. मात्र डॉक्टरची रुग्ण, वकिलाची अशील किंवा भांडवलाच्या शोधातील उद्योजिका ही कोणाचीच नोकर नसते. त्यामुळे सातव्या प्रकरणाचा तिला उपयोग नव्हता.

तरतुदी

कलमात डॉक्टर, वकील, बँकर, विश्वस्त, घरमालक, शिक्षक आदींचा नामनिर्देश असून त्यांच्याशी साम्य असणारे इतर संबंधही त्यात येतात. वर्तन लैंगिक स्वरूपाचे किंवा लिंगभावावर आधारित वैरभावाचे, अवांछित आणि 'व्यापक किंवा गंभीर' होते, तसेच त्यामुळे आर्थिक हानी किंवा मानसिक त्रासासह वैयक्तिक इजा झाली, हे वादीला सिद्ध करावे लागते. वादी स्त्री असो वा पुरुष, संरक्षण सारखेच आहे.

पूर्वी आणखी एक अट होती: संबंध सहजपणे तोडणे वादीला शक्य नव्हते, हेही दाखवावे लागे. ही अट वरकरणी रास्त वाटली, तरी जो संबंध अद्याप जुळायचाच आहे, त्याबाबत ती निरर्थक ठरे. गुंतवणूकदाराच्या पहिल्याच भेटीतून उठून जाता येते. पण त्याबरोबर भांडवलाची आशाही सोडावी लागते.

२०१८ ची दुरुस्ती

२०१७ मध्ये तंत्रज्ञान क्षेत्रातील गुंतवणूकदार आणि हॉलिवूड निर्माता हार्वी वाइनस्टीन यांच्यावरील आरोप उघड झाल्यानंतर ही त्रुटी चर्चेत आली. २०१८ च्या दुरुस्तीने गुंतवणूकदार, लोकप्रतिनिधी, लॉबिस्ट, दिग्दर्शक व निर्माता यांची नावे यादीत घातली आणि वरील अट काढून टाकली. व्यावसायिक संबंध जुळवून देऊ शकतो असे भासवणारी व्यक्तीही आता कायद्याच्या कक्षेत येते. दुरुस्ती १ जानेवारी २०१९ पासून लागू झाली.

अभिनेत्री ॲशली जड यांनी वाइनस्टीन यांच्याविरुद्ध लावलेल्या दाव्यातील घटना मात्र १९९० च्या दशकातील होत्या. कनिष्ठ न्यायालयाने कलम ५१.९ खालील मागणी फेटाळली. जुलै २०२० मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ती पुन्हा जिवंत केली. निर्माता व अभिनेत्री यांच्यात सत्तेचा अंगभूत असमतोल असतो, म्हणून हा संबंध जुन्या शब्दरचनेतही बसतो, असे न्यायालयाने म्हटले.

अपुरे राहिलेले

कक्षा रुंदावली तरी मोजमाप बदलले नाही. 'व्यापक किंवा गंभीर' या शब्दांचा अर्थ नोकरीविषयक कायद्याप्रमाणेच घ्यावा, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ह्यूज विरुद्ध पेअर या खटल्यात ठरवले. त्यात एका विश्वस्ताने लाभार्थी मुलाच्या आईकडे फोनवर आणि एका कार्यक्रमात अश्लील भाषेत केलेली मागणी पुरेशी ठरली नाही. कचेरीत रोज समोरासमोर येणाऱ्यांसाठी घडवलेली ही कसोटी वर्षातून दोनदा भेटणाऱ्यांना नीट लागू पडत नाही. नोकरीतील छळाबाबत एकच घटनाही पुरेशी ठरू शकते, असे राज्याच्या विधिमंडळाने २०१८ च्याच आणखी एका कायद्यात जाहीर केले; कलम ५१.९ मधील शब्द मात्र तसेच राहिले.

भारतातील मांडणी

भारतातही या कायद्याचे मूळ समतेच्या हक्कात आहे. विशाखा खटल्यात (१९९७) सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद १४, १५, १९ व २१ चा आधार घेतला. २०१३ च्या अधिनियमातील 'पीडित महिला' ही नोकरीत असो वा नसो, तक्रार करू शकते. तथापि त्या कायद्याचा केंद्रबिंदू संबंध नसून कामाचे ठिकाण आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेतील किंवा खुद्द मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.