बाजारहाट : मंगळवारी जावं की शनिवारी?



या खेपेला पिशवी घेऊन स्पेनमधल्या कातालोनियात जाऊ या. बार्सेलोना सगळेच पाहून येतात, त्याबद्दल मी लिहीत नाही. तिच्या उत्तरेला लहान लहान गावं आहेत आणि प्रत्येकाचा बाजाराचा वार ठरलेला. ओलोतचा सोमवार, बान्योलेसचा बुधवार, ला बिस्बालचा शुक्रवार. आजीआजोबांना हे समजावून सांगायला नको, कोकणातला आठवड्याचा बाजार त्यांनी पाहिलेला आहे. मुलांना मात्र सांगायला हवं, कारण त्यांना सुपरमार्केट रोजच उघडं दिसतं.

विक गावी बाजार मंगळवारी आणि शनिवारी. बार्सेलोनाहून आगगाडीनं साधारण सव्वा तास. मोठा चौक, भोवती कमानी, आणि चौकाच्या मध्ये फरशी नाही, नुसती वाळूमाती! तिथंच दुकानं मांडतात. विकचं नाव झालंय ते वाळवलेल्या सॉसेजसाठी. ती डुकराची असतात, म्हणून कोशेर पाळणाऱ्यांनी सरळ भाजीकडे वळावं. भाजी पाहूनच पोट भरतं. हिवाळ्यात काल्सोत नावाचे लांब कांदे येतात, ते जाळावर काळे होईस्तोवर भाजतात आणि वरची साल ओढून खातात. सांता पाऊ गावचा बारीक पांढरा घेवडा तर जरूर घ्या. तो ज्वालामुखीच्या मातीत पिकतो.

आता मुलांनो, इकडे लक्ष द्या. तिथं दुकानापुढे रांग दिसत नाही, माणसं इकडेतिकडे उभी असतात. आपण जाऊन विचारायचं, "की एस लूल्तिम?" म्हणजे शेवटचा कोण? जो "मी" म्हणेल त्याचं तोंड लक्षात ठेवायचं, त्याच्यामागं आपला नंबर. धक्काबुक्की नाही. आमच्या शूकमध्ये हे चाललं असतं का, तुम्हीच सांगा! आणि फळं आपल्या हातानं दाबून बघायची नाहीत बरं का, दुकानदार देईल ती घ्यायची. भाव करायचाही नाही.

जिरोना शहरात नदीकाठच्या देवेसा बागेत, उंचच उंच झाडांखाली, असाच बाजार भरतो. तोही मंगळवारी आणि शनिवारी. शनिवारला कातालान भाषेत म्हणतात "दिसाब्ते". शब्द ऐका, त्यात शब्बाथ लपलाय! पण "दिसाब्ते करणं" याचा अर्थ तिथं विश्रांती नव्हे, घराची झाडलोट. आमच्या पूर्वजांना कोकणात "शनवार तेली" म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. तिथं मात्र वाराचं नाव राहिलं, वार पाळणारे गेले. जिरोनाच्या जुन्या यहुदी मोहल्ल्यात, त्याला "काल" म्हणतात, 1492 सालच्या हकालपट्टीपर्यंत आपले लोक राहत होते. रामबान 1194 साली त्याच शहरात जन्मले आणि 1267 साली एरेत्स इस्राएलला आले. बाजारापासून नदी ओलांडली की काल पायी येतो. गल्ल्या अरुंद, दगडी पायऱ्या पुष्कळ. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी.

तेव्हा शब्बाथ पाळणाऱ्यांनी मंगळवारच धरावा. सकाळी नऊच्या सुमारास पोचा. दुपारी दोनच्या आधीच आवराआवर सुरू होते. आधी काल बघा, येताना बाजार करा, म्हणजे घेवड्याचं ओझं घेऊन पायऱ्या चढायला नकोत.