डाग नसलेली भेंडी



परवा उपाश्रयातून बाहेर पडताना एक वाक्य कानावर आलं, "सेंद्रिय भाजीत अळ्या निघतात, आपल्या जैनांना ती कशी चालेल?" बोलणाऱ्या बाई तपात माझ्या कितीतरी पुढे आहेत, म्हणून तिथे गप्प बसले. इथे बसवत नाही.

अळी ताटात येऊ नये, कबूल. पण बाजारातल्या त्या एकसारख्या, डाग नसलेल्या भेंडीतली अळी गेली कुठे? ती शेतातच मारली गेली, कारण आपल्याला तशीच भेंडी हवी असते. करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्हींनी कर्म बांधतं हे पाठशाळेत घोकलंय ना आपण? मग पिशवी भरताना फक्त 'करणं'च का मोजतो? मी कॉमर्सची. खर्च दुसऱ्याच्या वहीत लिहिला म्हणून तो झालाच नाही, असा हिशेब आमच्याकडे नापास व्हायचा.

आणि मरते ती फक्त अळीच असंही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. पंचेंद्रिय जीव! ती कपाशी होती, भाजी नव्हे, असं म्हणाल. यंत्रमागाच्या भिवंडीत राहून कपाशीशी आपला संबंध नाही, हे कोणत्या तोंडाने म्हणायचं?

सेंद्रिय शेतीत हिंसा नाहीच, असा माझा दावा नाही. नांगरटीत जीव जातात, निंबोळी अर्कही किडीसाठीच फवारतात. प्रश्न कमी-जास्तीचा आहे. श्रावकाचं व्रतही अणुव्रतच असतं.

"सर्टिफिकेट कुठे आहे?" छोट्या शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकलं तर नियमांतच सूट आहे. आपण विचारायचं, काय फवारलं आणि कधी.

थंडीत वाड्याकडची एक बाई माझ्याकडे वालाच्या शेंगा आणते. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवरचं पीक, ती त्यावर काही फवारत नाही. मोड आपल्याला चालत नाहीत, म्हणून मी ओले दाणेच काढते. शेंग उघडायची, उजेडात बघायची. अळी दिसली तर शेंगेसकट हलक्या हाताने झाडाखाली ठेवायची. अर्धा किलोला पाऊण तास लागतो. मग हिंग-ओव्याची फोडणी, गूळ, कोकम, वरून ओलं खोबरं. तो पाऊण तास जड जात असेल तर तसं सरळ सांगा, बिचाऱ्या अळीला पुढे करू नका.

रविवारी दोन किलो शेंगा येणार आहेत. निवडायला या.