होर्मुझ बंद होणार म्हटलं की जगाला घाम का फुटतो? उत्तराचा एक धागा जातो एका ब्रिटिश अ‍ॅडमिरलच्या हट्टापर्यंत

जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात १२ दिवस लढाई झाली. त्या दिवसांत क्षेपणास्त्रांइतकीच चर्चा एका चिंचोळ्या समुद्री वाटेची होती, ती म्हणजे होर्मुझची सामुद्रधुनी. जगात रोज वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी साधारण पाचवा हिस्सा इथून जातो. ही वाट बंद करण्याच्या बाजूने इराणच्या संसदेने कौल दिला आणि आपल्याकडे लगेच प्रश्न सुरू झाले. पेट्रोल महागणार का? सिलिंडर वेळेवर मिळेल का?

आपल्या देशाची सुरक्षा दुसऱ्याच्या जमिनीखालच्या तेलावर टांगून ठेवायची, हा धोका शंभर वर्षांपूर्वी त्या काळच्या सर्वांत मोठ्या नौदलाने जाणूनबुजून पत्करला होता. त्यासाठी वर्षानुवर्षं आग्रह धरणारा अधिकारी होता अ‍ॅडमिरल जॉन फिशर, ऊर्फ जॅकी फिशर.

कोण होता हा फिशर?

फिशरचा जन्म १८४१ मध्ये सिलोनमधला, म्हणजे आजच्या श्रीलंकेतला. वयाच्या १३ व्या वर्षी तो नौदलात भरती झाला. समुद्रावरची त्याची पहिली नेमणूक होती 'एचएमएस कलकत्ता' या शिडाच्या जहाजावर. ८४ तोफांचं हे लाकडी जहाज मुंबईच्या गोदीत सागवानातून बांधलं होतं.

अशा जहाजावर धडे गिरवलेला हा मुलगा ऑक्टोबर १९०४ मध्ये फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे ब्रिटिश नौदलाचा सर्वोच्च अधिकारी झाला. आल्या आल्या त्याने सुमारे दीडशे जुनी जहाजं सेवेतून काढली. त्याचं म्हणणं साधं होतं. जी जहाजं लढू शकत नाहीत आणि पळूही शकत नाहीत, त्यांच्यावर माणसं आणि पैसा का घालवायचा?

ड्रेडनॉटमुळे काय बदललं?

डिसेंबर १९०६ मध्ये 'एचएमएस ड्रेडनॉट' ही युद्धनौका नौदलात दाखल झाली. १२ इंची दहा तोफा, स्टीम टर्बाइन आणि २१ नॉटचा वेग. तिच्यासमोर जगातली प्रत्येक युद्धनौका एका रात्रीत जुनी ठरली.

गंमत म्हणजे सर्वांत जास्त जुन्या युद्धनौका ब्रिटनकडेच होत्या. आपली आघाडी आपणच पुसून टाकली, अशी टीका फिशरवर झाली. जर्मनीनेही तशाच नौका बांधायला घेतल्या आणि दोन्ही देशांत शर्यत लागली. फिशरचा बचाव असा होता की, हे तंत्रज्ञान कोणीतरी आणणारच आहे, मग आपण आधी का आणू नये?

कोळसा सोडून तेल कशासाठी?

फिशरला वेगाचं वेड होतं आणि वेगासाठी त्याला तेल हवं होतं. तेवढ्याच वजनाच्या कोळशापेक्षा तेलातून जास्त उष्णता मिळते. भट्टीत फावड्याने कोळसा टाकणाऱ्यांची फौज लागत नाही. कोळसा भरायचा तर अख्खं जहाज कामाला जुंपावं लागे, तेल मात्र पाइपने भरता येतं. धूर कमी, त्यामुळे शत्रूला लांबून सुगावा लागत नाही.

अडचण एकच होती. उत्तम कोळसा ब्रिटनच्या घरातच, वेल्समध्ये होता. तेल मात्र ब्रिटनमध्ये जवळपास नव्हतंच.

फिशर १९१० मध्ये निवृत्त झाला. पण १९१२ मध्ये नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी त्याला पुन्हा बोलावून इंधनाबाबतच्या रॉयल कमिशनचं अध्यक्षपद दिलं. फक्त तेलावर चालणाऱ्या 'क्वीन एलिझाबेथ' वर्गाच्या युद्धनौकांची ऑर्डरही त्याच वर्षी निघाली. आता तेल लागणार हे ठरलं, ते आणायचं कुठून एवढंच बाकी होतं.

इराण यात कसा आला?

१९०८ मध्ये पर्शियात, म्हणजे आजच्या इराणमध्ये, मस्जिद सुलेमान इथे तेल सापडलं होतं. तिथे काम करणाऱ्या अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीला पैशांची चणचण होती. जून १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने सुमारे २२ लाख पौंड गुंतवून कंपनीचे ५१ टक्के शेअर्स घेतले. काही आठवड्यांतच पहिलं महायुद्ध पेटलं.

मग या तेलाची राखण करायला कोण गेलं? भारतीय सैनिक. ऑक्टोबर १९१४ मध्ये सहाव्या पूना डिव्हिजनची पहिली तुकडी मुंबईहून जहाजाने निघाली. तिच्यात '११७ मराठाज' ही पलटण होती. आबादानची रिफायनरी आणि तेलाची पाइपलाइन सुरक्षित ठेवणं हे मोहिमेचं एक मुख्य काम होतं. ते साधलं, पण मोहीम तिथे थांबली नाही. सैन्य बगदादच्या दिशेने पुढे सरकत गेलं आणि कुत इथे वेढ्यात सापडलं. एप्रिल १९१६ मध्ये सुमारे १३ हजार जणांनी उपासमारीमुळे शरणागती पत्करली. ११७ मराठाजही त्यांत होते. पुढे तुर्कांच्या कैदेत हजारो जण दगावले.

फिशरचं पुढे काय झालं?

युद्ध सुरू झाल्यावर फिशर वयाच्या ७३ व्या वर्षी पुन्हा फर्स्ट सी लॉर्ड झाला. पण डार्डेनेल्सच्या मोहिमेवरून चर्चिलशी बिनसलं आणि मे १९१५ मध्ये त्याने राजीनामा दिला.

वर्षभराने जटलंडच्या लढाईत त्याच्या लाडक्या बॅटलक्रूझर प्रकारातल्या तीन ब्रिटिश नौका स्फोट होऊन बुडाल्या. ३,३०० हून जास्त माणसं गेली. वेग असला की जाड चिलखताची गरज नाही, हे त्याचं गणित होतं. दारूगोळा हाताळण्यातल्या निष्काळजीपणालाही तज्ज्ञ दोष देतात. पण पातळ चिलखताचा प्रश्न फिशरच्या नावाला कायमचा चिकटला. १९२० मध्ये त्याचं निधन झालं.

आज याचा आपल्याशी काय संबंध?

फिशर नसता तरी जग तेलाकडे वळलंच असतं, कारण मोटारी आणि विमानं येतच होती. पण तेल ही व्यापाराची वस्तू न राहता सैन्य पाठवून राखायची गोष्ट झाली, त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे. इराणमध्ये त्याचे पडसाद दीर्घकाळ उमटले. १९५१ मध्ये पंतप्रधान मोहम्मद मोसद्दिक यांच्या काळात तेल उद्योगाचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १९५३ मध्ये अमेरिका-ब्रिटनच्या मदतीने त्यांची सत्ता उलथवली गेली. तो राग इराणच्या राजकारणात आजही जिवंत आहे. मूळ कंपनी आज 'बीपी' म्हणून ओळखली जाते.

भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. आयात होणाऱ्या एलपीजीचा बहुतांश भाग आखातातून येतो. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथल्या भूमिगत साठ्यांची एकूण क्षमता सुमारे ५३ लाख टन आहे. ती पूर्ण भरली तरी देशाची साधारण साडेनऊ दिवसांची गरज भागते.

१९१३ मध्ये चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत सांगितलं होतं की, तेलासाठी एका देशावर, एका मार्गावर किंवा एका खाणीवर विसंबून राहू नका. पुढच्याच वर्षी त्यांच्या सरकारने आपलं वजन एका कंपनीच्या पारड्यात टाकलं आणि तिच्या रक्षणाला पलटणी गेल्या. त्यामुळे पुढच्या वेळी होर्मुझची बातमी आली, तर पेट्रोलच्या दरासोबत आणखी दोन आकडे तपासा: आपण किती देशांकडून तेल घेतोय आणि आपल्या साठ्यात त्या दिवशी किती दिवसांचं तेल आहे.