गेरू, चुना आणि फरीदाबादचा फूटपाथ

फौजेत एक जुना विनोद आहे. जे हलतं त्याला सॅल्यूट ठोका, जे हलत नाही त्याला चुना लावा. ज्यांनी कुठल्याही छावणीत एक रात्र काढली आहे त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही. झाडाच्या बुंध्याला खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा. रस्त्याकडेच्या विटा तिरक्या रोवून एक गेरूची, एक चुन्याची. इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री बादल्या आणि कुंचे घेऊन अख्खी कंपनी बाहेर. त्यामुळे भिंती रंगवणाऱ्यांना नावं ठेवण्याचा नैतिक अधिकार मला फारसा नाही, हे आधीच कबूल करतो.

सध्याची पोस्टिंग दिल्लीची. सरकारी क्वार्टरची यादी लांबलचक, म्हणून फरीदाबादला भाड्याचं घर घेतलं. सकाळी व्हायोलेट लाईनची मेट्रो, संध्याकाळी तीच उलटी. पहिले दोन महिने या शहराकडे मी 'झोपायची जागा' म्हणूनच पाहिलं. मग खडकवासल्याची जुनी खोड उचल खाऊ लागली. एनडीएत असताना शिक्षा म्हणून सिंहगड इतक्यांदा चढलोय, की आता शिक्षा नसतानाही रविवारी पाय घरात राहत नाहीत. पस्तिशीत गुडघ्यांनी पळणं सोडायला लावलं, चालणं मात्र राहिलं.

आमच्या सेक्टरजवळ एक लांब भिंत आहे. तिच्यावर वारली चित्रं आहेत. परप्रांतात वारली दिसली की मराठी माणसाची छाती जरा फुगतेच, माझीही फुगली. जवळ जाऊन पाहिलं तर हात धरून नाचणाऱ्यांचा फेर बरोबर होता, पण मधे तारपा वाजवणारा नव्हता. त्याच्या जागी हिरवी कचरापेटी होती. म्हणजे अख्खा पाडा कचरापेटीभोवती नाचत होता! डहाणू-तलासरीकडे लग्नघरात सवाशिणी जो चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते. जिव्या सोमा मशे यांनी ती कला घराच्या कुडावरून कागदावर आणि मग जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कुडावरचे मूळचे रंगही दोनच, गेरू आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा. आमच्या छावणीतलेच.

नोव्हेंबरात गावाहून वडील आले. आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. वय अठ्ठ्याहत्तर, पहाटे पाचला उठून फिरायला जाणार म्हणजे जाणारच. साताऱ्याकडच्या गावात ते डांबरी रस्त्याच्या मधून चालतात आणि एसटी त्यांच्यासाठी थांबते. इथं तसं चालत नाही, कडेनं चाला, असं मीच त्यांना बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी त्या वारलीच्या भिंतीखाली गटारावरच्या फरशांपैकी एक फरशी नव्हती. धुकं होतं. डावं मनगट मोडलं.

कुणाच्या अखत्यारीतलं गटार, कुणी फरशी नेली, हे मी शोधलं नाही. आबांचं मनगट त्यानं जुळणार नव्हतं. प्लास्टर घालून परत येताना त्यांनी गाडी त्या भिंतीपाशी थांबवायला लावली, काच खाली केली आणि म्हणाले, "चित्रं झ्याक काढल्यात, सायेब. पर रंगवायला मान्सं हुबी कशावर ऱ्हायली आसतील?" (मी कमिशन घेतल्यापासून ते मला कधीमधी सायेब म्हणतात. आदरानं नव्हे.)

त्या प्रश्नानं मला कामाला लावलं. गेल्या काही वर्षांत देशभर शहरं रंगू लागली आहेत. उड्डाणपुलाचे खांब, शाळांची कुंपणं, स्टेशनबाहेरच्या भिंती. याचं कारण फार खोल नाही. फूटपाथ बांधायचा तर अतिक्रमण हलवावं लागतं, वीज, पाणी, टेलिफोन अशा चार खात्यांची तोंडं एका दिशेला करावी लागतात. भिंत रंगवायला आठ दिवस आणि काही डबे पुरतात, आणि फोटो तिचाच चांगला येतो. इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्रीचं आमचं तर्कशास्त्र हुबेहूब हेच असे.

पण म्हणून भित्तिचित्रं नकोत, असं मी म्हणणार नाही. एका रविवारी मुद्दाम लोधी कॉलनीत गेलो. जवाहरलाल नेहरू स्टेडियम स्टेशनला उतरलं की थोडं चालून पोचता येतं. इंग्रजांनी १९४० च्या दशकात सरकारी नोकरांसाठी बांधलेली ही वसाहत. २०१५-१६ पासून स्टार्ट इंडिया या संस्थेनं देशोदेशीचे चित्रकार आणून खन्ना मार्केट ते मेहेरचंद मार्केट या पट्ट्यात पन्नासहून अधिक भिंती रंगवून घेतल्या आहेत. चित्रं सुंदर आहेतच, पण मला तिथली दुसरी गोष्ट जास्त आवडली. मोठी झाडं, रुंद फूटपाथ, आणि भिंतीपासून दहा पावलं मागं सरकून चित्र बघायला जागा. मागं सरकताना आपण गटारात जात नाही. चालणाऱ्याची सोय तिथं आधीपासून होती, चित्रं नंतर आली. फरीदाबादेत आणि बहुतेक शहरांत आपण हा क्रम उलटा लावला आहे.

आणि चित्र कुणाचं काढायचं? मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला टेलिफोन निगमच्या इमारतीवर दादासाहेब फाळक्यांचं अवाढव्य चित्र आहे. २०१४ मध्ये ते रणजित दहिया या चित्रकारानं रंगवलं. हा माणूस सोनिपतकडचा, म्हणजे हरयाणाचा. एका हरयाणवीनं मुंबईच्या भिंतीवर नाशिकच्या फाळक्यांना उभं केलं, कारण ती सिनेमाची नगरी आहे. मग इथं हरयाणात, फरीदाबादच्या भिंतीवर फरीदाबादचं काय आहे? मी जेवढं चाललो त्यात मोर, कमळ, पृथ्वी तोललेले हात, आणि आमची वारली. हे सगळं नागपुरातही चालेल.

वास्तविक या शहराजवळ सांगायला काय नाही! १६०७ साली जहांगिराचा खजिनदार शेख फरीद यानं हे गाव वसवलं ते दिल्ली-आग्रा रस्त्याच्या रक्षणासाठी. शेजारचं बल्लभगड आपल्या बखरी वाचणाऱ्यांना ठाऊक असतं. पानिपताआधी सूरजमल जाट भाऊसाहेबांची छावणी सोडून निघाला तो तिथं गेला. त्याच बल्लभगडच्या राजा नाहरसिंहाला इंग्रजांनी ९ जानेवारी १८५८ ला चांदणी चौकात फाशी दिली. त्याचं नाव निदान मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनला आहे.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट एनआयटीची. इथं एक नंबर, दोन नंबर ते पाच नंबर अशी मार्केटं आहेत. मला आधी वाटलं ही फौजी नावं असावीत. ही वस्ती फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू, डेरा इस्माइलखान, कोहाट भागांतून आलेल्या निर्वासितांची. १९४९ मध्ये डॉ. राजेंद्र प्रसादांच्या अध्यक्षतेखाली विकास मंडळ नेमलं, नेहरू स्वतः बैठकांना बसत. कमलादेवी चट्टोपाध्यायांच्या सहकारी संघानं काम हाती घेतलं आणि ठेकेदाराला बाजूला ठेवून लोकांनी सहकारी संस्था करून आपली घरं आपल्याच हातांनी बांधली. दुकानदार, वकील अशा माणसांनी विटा वाहिल्या. ज्या शहरानं स्वतःच्या भिंती स्वतः रचल्या, त्याच्या भिंतींवर त्या माणसांचं एखादं चित्र नको? मला तरी एकही दिसलं नाही. कुणाला दिसलं तर जरूर कळवा, मी जाऊन बघून येईन.

आता हिरव्या वाटांबद्दल. शहराच्या पश्चिमेला अरवली आहे. खाणींनी ती पोखरली, बडखलचा तलाव कोरडा पाडला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इथल्या खाणकामावर बंदी घातली. खाणींसाठी आणलेल्या मजुरांनी काठाकाठानं वस्ती केली होती. वनजमिनीवरचं ते खोरी गाव जून २०२१ च्या आदेशानंतर पाडलं गेलं, सुमारे दहा हजार घरं. जंगल मोकळं झालंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण डोंगर खाऊन गेलेल्यांना कुणी घर सोडायला लावलं नाही, हेही खरं. नोकरीत असल्यामुळे यावर इथंच थांबतो.

गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्यावरून आत मांगर गाव लागतं आणि त्याच्यापुढं मांगर बनी. आपल्याकडच्या देवराईसारखंच. गुदडिया बाबाचं जंगल, इथली फांदी मोडली तर अनिष्ट होतं, ही गुजर गावांची श्रद्धा. झाड मुख्यतः धौ, आपल्या धावड्याचा भाऊबंद. या झाडाची एक खोड मला फार भावली. गुरं सतत खात राहिली की ते जमिनीलगत पसरून राहतं, उभं राहतच नाही. गोळीबारात जवान रांगतो तसं. चराई थांबली की तेच झाड हळूहळू उभं राहतं आणि वृक्ष होतं. मांगरच्या डोंगरात अश्मयुगीन हत्यारं आणि गुहाचित्रं असल्याचं २०२१ मध्ये हरयाणाच्या पुरातत्त्व खात्यानं जाहीर केलं. गेरूच्या रंगातली आहेत म्हणे. मी ती शोधायला गेलो नाही. आधीच बाटल्या आणि स्पीकर घेऊन येणाऱ्यांनी गावकरी वैतागले आहेत.

इथं मला स्पष्ट मत मांडायचं आहे. बनीत पेव्हर ब्लॉकची वाट नको, सेल्फी पॉइंट नको, दगडावर बिबट्याचं चित्र तर मुळीच नको, खरा बिबट्या तिथं आहे. आखीव वाटा करायच्याच तर बाहेरच्या उजाड, वेड्या बाभळीनं भरलेल्या टेकड्यांवर करा. तिथं चालणाऱ्यांची वर्दळ वाढली तर कचऱ्याचे ट्रक रिकामे करणाऱ्यांनाही संकोच वाटेल.

हे काम कोण करणार, याचं उत्तर आपल्याच बिरादरीत आहे. १९८२ मध्ये मसुरीच्या खाणींनी उघडे पडलेले डोंगर हिरवे करायला प्रादेशिक सेनेची पहिली पर्यावरण बटालियन उभी राहिली, १२७, गढवाल रायफल्सची. निवृत्त जवान परत वर्दीत आले. इथून हाकेच्या अंतरावर दिल्लीच्या हद्दीत भाटीच्या खाणी आहेत. तिथं २००० पासून १३२, राजपूत, हे काम करते आहे. आणि आपल्या मराठवाड्यात २०१७ पासून १३६, महार रेजिमेंटची, संभाजीनगर भागात झाडं लावते आहे. भाटीत खाणीच्या कड्यांवर उभी राहिलेली झाडी मी पाहिली आहे. बुंध्याला चुना नव्हता. निवृत्तीनंतर सिक्युरिटी एजन्सीत रात्रपाळी करणाऱ्या माझ्या जुन्या जवानांपैकी तिघांना मी या बटालियनच्या भरतीची माहिती पाठवली आहे. एकाचं उत्तर आलं, "साहेब, पगार?" रास्त प्रश्न आहे, त्याचीही माहिती काढतोय.

जानेवारीत प्लास्टर निघाल्यावर आबांना मांगरला नेलं. वाट म्हणजे गुरांची पायवाट, दगडगोटे, कुठं फरशी नाही की रेलिंग नाही. मी हात पुढं केला, तो त्यांनी धरला नाही. तासभर चालले. एका धौच्या सावलीत बसून बिडी काढली, मग आजूबाजूला वाळलेला पाला बघून परत खिशात ठेवली. उतरताना मात्र गाडीपाशी, जिथं पक्का रस्ता सुरू होतो, तिथं थांबून म्हणाले, "आता धर हात. हितनं पुढं तुमचं शहर."

फरशी अजून बसलेली नाही. गेल्या रविवारी मी तिथं दोन विटा उभ्या ठेवून आलो. एकीला गेरू लावला, दुसरीला चुना. अंधारात दिसतात.